आकडे परत सांगा

माझ्या नाकावर राग असतो, हे मी आधीच सांगून टाकते. पण त्या दिवशी तो राग नव्हता, भीती होती, आणि मला भीती वाटली की मी ओरडते. सकाळी अकराला आमच्या सुनेचा, अश्लेषाचा, अमेरिकेतून फोन आला. तेव्हापासून मी थाटीपुरच्या आमच्या दोन खोल्यांत नुसती ये-जा करत होते. गॅसवर कुकर होता, तो कुणी बंद केला तेही मला आठवत नाही.

विहंग हा आमचा एकुलता एक. एकतीस वर्षांचा. रात्री जेवणं झाल्यावर ताटं धुताना त्याचा उजवा हात एकदम लुळा पडला. अश्लेषाला हाक मारायला गेला तर तिचं नावच तोंडातून येईना. आता तो हॉस्पिटलमध्ये होता, शुद्धीवर होता, सगळं बघत होता, पण त्याला शब्द सापडत नव्हते. डॉक्टरांना डोक्याचा एमआरआय करायचा होता. त्याशिवाय कुठलं औषध द्यायचं ते ठरत नव्हतं. अश्लेषा म्हणाली, "आई, ते म्हणतात जितका उशीर, तितकं बोलणं परत येणं कठीण."

आणि एमआरआय अडला होता एका क्लिपवर. विहंग सात वर्षांचा असताना त्याच्या डोक्यातली एक नस फुगली होती, तेव्हा दिल्लीच्या सर्जननी ती चिमटून ठेवायला धातूची बारीकशी क्लिप बसवली होती. एमआरआयचं मशीन म्हणजे मोठं चुंबक. क्लिप जुन्या लोखंडी जातीची असली तर आत गेल्यावर ती जागची हलणार, आणि हलली तर पोरगा गेला. नव्या जातीची असली तर काही दिक्कत नाही. कुठल्या जातीची, ते कळायला क्लिपवरचा कंपनीचा नंबर हवा होता. दिल्लीचं ते हॉस्पिटल केव्हाच बंद पडलेलं. नंबर फक्त आमच्याकडे होता, ऑपरेशनच्या कागदांच्या चौथ्या पानावर, टपालाच्या तिकिटाएवढ्या एका स्टिकरवर.

कागद दोन मिनिटांत सापडले, तेवढं मी मान्य करते. आमचे हे, लक्ष्मीकांत, वाण्याची चिठ्ठीसुद्धा फाइलला लावतात. मी फोटो काढून अश्लेषाला पाठवले. पाच मिनिटांनी तिचा फोन, रडवेल्या आवाजात. फोनवरचा फोटो बघून ते फॉर्म भरत नाहीत. कागद हॉस्पिटलच्या रेकॉर्डमध्ये आला पाहिजे, बाहेरची ई-मेल त्यांच्याकडे उघडत नाही, आणि तिथे रात्रीचे दोन वाजलेत, आजूबाजूला एक दुकान उघडं नाही.

"मग पाठवायचा कसा?" मी विचारलं.

"फॅक्सने," ती म्हणाली.

मला वाटलं, पोरगी घाबरून काहीतरी बोलतेय. पण नाही, तिने नंबर दिला. शेजारच्या अंशुलला बोलावलं. त्याने मोबाइलवर कसलंसं अॅप उघडलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "काकू, हो तो जाएगा, पण इसमें बाहेरचं कार्ड लगेगा. आपलं घेत नाहीये." तीनदा करून बघितलं, तीनदा नकार.

तोवर हे आत जाऊन पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून आले होते. खिशाला पेन. जून महिना, पंचेचाळीस डिग्री, आणि हे ऑफिसला निघाल्यासारखे तयार. फॅक्स हा शब्द ऐकून ह्यांच्या तोंडावर जी चमक आली होती ती बघून मला आणखी चीड आली.

ह्यांची चौतीस वर्षं नोकरी. आधी तारघरात, तारा बंद होत आल्या तेव्हा फोनवाल्यांच्या फॅक्स काउंटरवर. निवृत्त झाले आणि दोन वर्षांत फॅक्सही गेला. विहंग चिडवायचा, "बाबा, फॅक्स मेला, आता त्याचं तेरावं उरकून टाका." हे हसायचे, पण त्यांना लागायचं. तारघराची एक खोड मात्र ह्यांच्या अंगात मुरलेली. तारेत आकडा आला की पाठवणाऱ्याने तो शेवटी परत पाठवायचा आणि घेणाऱ्याने परत म्हणायचा. हे भाजीवाल्याशीसुद्धा तसंच बोलतात. दोन किलो बटाटे, पाव किलो मिरची, दोन, पाव. पस्तीस वर्षं मी ह्या खोडीची टिंगल केली आहे.

"फूलबागेजवळ महिपतरावांकडे मशीन आहे," हे म्हणाले. "लाइन चालू आहे. मागच्याच महिन्यात विचारलं होतं."

"का विचारलं होतं?"

"असंच," हे म्हणाले.

रिक्षात बसलो. मी रिक्षावाल्याला म्हटलं, "भैया, थोडा जल्दी करो, अस्पताल का काम है." आणि हे माझ्या शेजारी मांडीवर फाइल घेऊन मला शिकवायला लागले. दोन मशीनं आधी एकमेकांशी बोलतात, त्याला हँडशेक म्हणतात. मी अमुक वेगाने पाठवतो, तू घेशील का, असं विचारतात. मग पान फीडरमधून, म्हणजे वरच्या खाचेतून, आत जातं, मशीन ते रेघ रेघ वाचतं, काळं कुठे आणि पांढरं कुठे तेवढंच. वाटेत रेघ बिघडली तर पलीकडचं मशीन ती परत मागून घेतं. शेवटी ट्रान्समिशन रिपोर्ट, म्हणजे पोचपावती, येतो.

"अहो, मला परीक्षेला बसायचं नाहीये," मी म्हटलं. "माझा मुलगा तिथे मुका पडलाय."

हे रिक्षाबाहेर बघत म्हणाले, "माझाही आहे तो." पडावच्या पुलावर ट्रॅफिक अडकला होता आणि मी पायाने रिक्षाचा पत्रा वाजवत राहिले.

महिपतरावांचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर आलेले, ते स्वतःही फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या कव्हराखाली फॅक्स मशीन. आम्हाला बघून उठले. "या लक्ष्मीकांतराव, या वहिनी. बसा."

"बसायला आलो नाही," मी म्हटलं, आणि सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. परदेशी नंबराला त्यांनी लॉक घातलं होतं, ते काढलं, कव्हर काढलं, मशीनवरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसली. इतक्यात लाइट गेली. दुपारी बारा वाजता, अगदी मुहूर्त बघितल्यासारखी. "शेजारच्याचा जनरेटर आहे, तार ओढून आणतो," म्हणून ते मागच्या दाराने गेले.

दहा मिनिटं गेली. मी दुकानाच्या दारातून काउंटरपर्यंत आणि काउंटरपासून दारापर्यंत किती फेऱ्या मारल्या असतील. हे मात्र शांतपणे कव्हर पेज लिहीत होते. कुणाकडून, कुणाला, पेशंटचं नाव, जन्मतारीख, कव्हर धरून एकूण पानं पाच. वळणदार अक्षर. मला ती शांतता सहन होईना.

जनरेटर धडधडला, मशीनवर हिरवा दिवा लागला. महिपतराव अजून मागेच होते. ह्यांनी पाच पानं उचलली, कडा ठोकून सारख्या केल्या आणि फीडरमध्ये ठेवली, अक्षरं वर.

"ही बाजू बरोबर आहे ना?" मी विचारलं. का विचारलं ते मला माहीत नाही. मला यातलं ओ की ठो कळत नाही.

"सरोज, मी हे चौतीस वर्षं केलंय," हे म्हणाले. ह्यांनी कधी मला असं तोडलं नव्हतं. मी गप्प बसले, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप होतो.

शून्य, शून्य, एक, मग पुढचा नंबर. ह्यांनी एकेक आकडा मोठ्याने म्हणत दाबला. पलीकडे घंटी, मग ती कर्कश शिट्टी, मग खरखर. ह्यांचा चेहरा उजळला. "हा हँडशेक. झाला बघ." एकेक पान आत ओढलं गेलं आणि खालून बाहेर आलं. शेवटी मशीनने एक चिठ्ठी काढली. पानं पाच, वेळ चार मिनिटं, निकाल ओके. हे ती चिठ्ठी मला दाखवत म्हणाले, "पोचलं."

"अश्लेषाला विचारा. तुमचे ते आकडे परत म्हणून घ्या."

"रिपोर्ट म्हणजे तेच. आता मशीन स्वतःच परत सांगतं."

"यात आकडे कुठे आहेत?" मी म्हटलं. पण ह्यांनी चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली होती. महिपतराव परत आले, त्यांनी चहा मागवला, आणि हे त्यांना तारघराच्या गोष्टी सांगायला लागले. मला जे वाईट सांगायचंय ते सांगून टाकते. त्या पाच-दहा मिनिटांत मी ह्यांचा तिरस्कार केला. मुलाचा जीव टांगणीला लागलाय आणि ह्यांना जुने दिवस परत आल्याचा आनंद.

मी अश्लेषाला फोन लावला, ती उचलेना. परत लावला. पंचवीस मिनिटांनी तिचाच आला.

"आई, तुम्ही पाठवलं का?"

"कधीच. ओके आलंय."

"इथे पाच पानं आलीत," ती म्हणाली, "पण सगळी कोरी आहेत. वर फक्त तुमच्याकडचा फोन नंबर आणि वेळ छापलीय. खाली काहीच नाही."

मी मशीनजवळ गेले. फीडरच्या कडेला, धूळ पुसल्यावर दिसायला लागलेलं, एक नखाएवढं चित्र होतं. एक पान, आणि त्यावरच्या रेघा खालच्या बाजूला. शाळेतल्या पोरालाही कळावं असं. अक्षरं खाली ठेवायची होती. मशीनने प्रामाणिकपणे कागदांच्या पाठी वाचल्या होत्या आणि पाच कोऱ्या पाठी अमेरिकेला पोचवल्या होत्या.

"पालथी ठेवायची होती," मी म्हटलं. मग ओरडलेच. "पालथी ठेवायची होती हो. विचारलं होतं मी तुम्हाला. विचारलं होतं."

चहाचा पोऱ्या दारातच थबकला. ह्यांनी चित्र बघितलं. खिशातली चिठ्ठी काढून बघितली, परत चित्र बघितलं. "आमच्या मशीनला वर असायची," हे म्हणाले, आणि स्टुलावर बसले. मी ह्यांना इतकी वर्षं ओळखते. ह्यांच्या आईला पोचवून आले तेव्हाही ह्यांचा चेहरा असा झाला नव्हता. मग हे उठले, पानं उचलायला गेले, तर चौथं पान, तेच स्टिकरवालं, हातातून निसटून जमिनीवर पडलं.

ते मी उचललं. माझा राग तिथेच कुठेतरी गेला, म्हणजे संपला नाही, पण त्याला वेळ नव्हता.

"तुम्ही बसा," मी म्हटलं. "मला यातलं काही येत नाही. तुम्ही सांगा, मी करते."

महिपतराव पुढे झाले होते, ते एक पाऊल मागे सरले. हे स्टुलावरून सांगत गेले. पानं पालथी. कडा डाव्या बाजूला टेकव. आता रीडायल दाब, शेवटचा नंबर त्याच्या मेमरीत आहे. एंगेज लागला. परत रीडायल. पुन्हा एंगेज. माझ्या बोटाला घाम आला होता, बटण निसटत होतं. पाचव्या वेळी शिट्टी ऐकू आली आणि पहिलं पान हललं. मी ते आत जाताना शेवटच्या कडेपर्यंत नजरेनं ढकललं.

चिठ्ठी आली. ओके. ती मी चुरगाळून टाकली.

"अश्लेषाला फोन लाव," हे म्हणाले. "स्टिकरवरचा नंबर वाचायला सांग. एकेक आकडा."

मी फोन स्पीकरवर ठेवला. अश्लेषा घाईत होती. "आलं आई, यावेळी सगळं आलं. नर्सने फॉर्मवर लिहूनही घेतलं, ते त्याला न्यायची तयारी करतायत."

"अश्लेषा," हे स्टुलावरून म्हणाले, आवाज एकदम ऑफिसातला, "आकडे परत सांग."

"बाबा, ते निघालेत—"

"त्यांना थांबव. परत सांग."

ती वाचायला लागली. हे मूळ कागदावर बोट ठेवून एकेक आकडा तिच्यामागून म्हणत होते. सात. सात. दोन. दोन. शून्य. शून्य. चार. चार. तीन.

ह्यांचं बोट थांबलं.

"तीन नाही," हे म्हणाले. "आठ."

"बाबा, इथे तीन दिसतोय. जरा भरल्यासारखा आहे, पण तीनच."

मी कागदावर वाकले. आठ होता, स्वच्छ आठ. पण अक्षर मोहरीएवढं. हे म्हणाले, "स्टँडर्डवर गेलं. रेघा विरळ पडतात, बारीक छपाई चिकटते. फाइनवर पाठवायला हवं होतं. अश्लेषा, नर्सला तो फॉर्म फाडायला सांग. तो नंबर चुकीचा आहे. दहा मिनिटं दे."

पलीकडे इंग्रजीत बोलाचाली ऐकू आली. अश्लेषा मोठ्याने काहीतरी म्हणाली, माझी ही मऊ बोलणारी सून, आणि मग फोनवर आली. "थांबलेत. पाठवा."

"सरोज, डावीकडचं बटण, फाइन लिहिलेलं. दिवा लागला का? आता फक्त चौथं पान. पालथं." मी लावलं. यावेळी ते इतकं सावकाश आत गेलं की मला वाटलं अडकलं. "अडकलं नाही," हे म्हणाले, मी न विचारताच. "दुप्पट रेघा वाचतंय."

परत फोन. परत सात, सात. दोन, दोन. शून्य. चार. आठ. अकराच्या अकरा आकडे झाल्यावर हे म्हणाले, "बरोबर. आता पाठव त्याला आत."

तासाभराने अश्लेषाचा निरोप आला. कंपनीच्या यादीत तो नंबर नव्या जातीचा निघाला. विहंगला मशीनमध्ये नेलं होतं. तीन असलेला नंबर कुठल्या क्लिपचा, असं तिने नर्सला विचारलं होतं म्हणे. नर्स म्हणाली, तुम्हाला ते कळून काय करायचंय. मीही परत कधी विचारलं नाही.

त्या दिवशी हे जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी खिशातली ती पहिली ओकेची चिठ्ठी फाइलला लावत होते. मी म्हटलं, "ती कशाला ठेवता?" तर म्हणाले, "राहू दे." आणि विहंगच्याच फाइलला लावली.

औषध सुरू झालं होतं, पण बोलणं येत नव्हतं. दोन दिवस अश्लेषा एकच सांगायची, हात थोडा हलतोय, बोलत नाहीये. मी झोपेतून उठून फोन बघायचे. देवघरासमोर बसले की उठायचे, उठले की परत बसायचे. एक गोष्ट सारखी मनात यायची. त्या कोऱ्या पानांनी आणि नंतरच्या सगळ्या गोंधळाने जो तास-दीड तास खाल्ला, त्यात तर त्याचे शब्द गेले नसतील? ही गोष्ट मी ह्यांना बोलले नाही. ह्यांच्या मनातही तीच होती, ते मला दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अश्लेषाने व्हिडिओ लावला. विहंग उशीला टेकून बसला होता, दाढी वाढलेली. मी म्हटलं, "विहंगा, मी कोण?" त्याने ओठ हलवले. डोळ्यांत पाणी आलं, शब्द आला नाही. मी फोन ह्यांच्या हातात दिला.

हे म्हणाले, "विहंग, घरचा नंबर सांग."

घरचा फोन आम्ही आठ वर्षांपूर्वीच परत केला होता. पण तो नंबर ह्यांनी विहंगला आडनावाच्या आधी शिकवला होता. हे एक आकडा म्हणायचे, तो परत म्हणायचा, तो म्हणायचा, हे परत म्हणायचे. पाच वर्षांचा असताना मेळ्यात हरवला, तेव्हा पोलिसाला त्याने नाव नाही, नंबर सांगितला होता.

"अहो, त्याला कशाला त्रास देताय," मी म्हटलं.

"दोन," विहंग म्हणाला.

जाडसर, ओढलेला, पण त्याचाच आवाज. अश्लेषाने तोंडावर हात ठेवला.

"दोन," हे म्हणाले.

मधे बराच वेळ गेला. मग दुसरा आकडा आला, आणि ह्यांनी तो परत म्हटला. तिसरा. चौथ्याला तो अडला, डोळे मिटले, ह्यांनी मदत केली नाही, नुसते थांबले. आला. पाचवा. सहावा. प्रत्येक आकडा तो देत होता आणि हे घेत होते.

"सात," विहंग म्हणाला. तो शेवटचा.

ह्यांनी तोंड उघडलं, पण आवाज निघेना. ओठ हलत होते, आणि तिकडे विहंग वाट बघत होता, कारण समोरून आकडा परत आल्याशिवाय त्याचा नंबर पुरा होत नव्हता.

मी पुढे झाले. ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि फोनमध्ये म्हटलं, "सात."